पार्किन्सनची जीन टेस्ट : रिपोर्ट चांगला, पण फॉर्ममध्ये फवारणीचा रकानाच नाही

आधीच सांगते, पाचपैकी तीन स्टार. टेस्ट चांगली आहे, कौन्सेलिंग तर फारच चांगलं, पण एक एवढी मोठी गोष्ट त्यांनी विचारलीच नाही की दोन स्टार कापावेच लागले. ती गोष्ट नीट सांगायची तर जरा लांबड लागणार आहे, पण ज्यांच्या घरात पार्किन्सन आहे आणि घर शेतीवर चालतं त्यांनी वेळ काढून वाचाच. लॅबचं नाव लिहीत नाही, कारण बुकिंगच्या आधी मी अजून एक-दोन ठिकाणचे फॉर्म मागवून बघितले होते आणि तिथंही हेच होतं, मग एकाच्याच नावानं खडे फोडण्यात अर्थ नाही.

आमचं गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग आहे. आबांना पन्नाशी ओलांडली न ओलांडली तोच उजव्या हाताला कंप सुरू झाला. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांना वास येत नव्हता, आई म्हणायची फोडणी करपली तरी ह्यांना कळत नाही, पण त्याचा ह्या आजाराशी संबंध असेल असं कोण कशाला मनात आणतंय. न्यूरोलॉजिस्टनी सिनडोपा सुरू केलं, फरक पडला, आणि वय तसं कमी आहे आणि आबांच्या एका चुलत्यांनाही असाच कंप होता म्हटल्यावर ते म्हणाले जमत असेल तर जेनेटिक टेस्ट करून घ्या, दादाच्या पोरांच्या दृष्टीनं माहिती राहील. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, म्हणून ही सगळी धावपळ माझ्याकडं आली.

बुकिंग फोनवर होतं, मराठीत बोलतात. रक्त घ्यायला सांगलीहून एक पोरगा घरी आला, जांभळ्या झाकणाची ट्यूब, बर्फाचा डबा, सगळं व्यवस्थित. आबांचा हात थांबत नव्हता तर त्यानं अजिबात घाई केली नाही, "काका, हात माझ्या मांडीवर ठेवा, निवांत बसा" म्हणाला, द्राक्षाच्या रेटबद्दल बोलत बसला आणि बोलता बोलता एका टोचण्यात काम झालं. पार्किन्सनच्या माणसाकडं कुणी बघत राहिलं की कंप अजून वाढतो, हे त्या पोराला ठाऊक होतं. ह्याला पूर्ण मार्क.

रक्त घ्यायच्या आधी व्हिडिओ कॉलवर जेनेटिक कौन्सेलर मॅडम होत्या. त्यांनी आबांना, आईला, मला, सगळ्यांना बोलू दिलं. घराण्याचा तक्ता काढला, कोण कुणाचं कोण, कुणाला किती वयात काय झालं, आणि नात्यात लग्नं झालीत का ते विचारलं. आमच्याकडं मामाच्या पोरीशी लग्न ही नवलाईची गोष्ट नाही, आजी-आजोबांचं तसंच होतं. त्या म्हणाल्या हे महत्त्वाचं आहे, कारण पार्किन, पिंक१, डीजे-१ ह्या जीन्सच्या बाबतीत आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली अशा दोन्ही कॉपी बिघडल्या तरच आजार होतो, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. एलआरआरके२ आणि एसएनसीए वेगळ्या, त्यांची एक कॉपी बिघडली तरी पुरे. आणि जीबीए नावाची जी आहे तिच्यातल्या बदलानं धोका वाढतो, पण आजार होईलच असं नाही. इतकं सोपं करून आमच्या आईलासुद्धा कळेल असं सांगितलं, मला वर्गात इतकं छान जमत नाही. टेस्ट केल्यावर काय कळू शकतं आणि काय कळणार नाही हेही आधीच सांगितलं : सगळ्या पेशंटांत साधारण ५ ते १० टक्के लोकांच्याच बाबतीत एखाद्या जीनवर बोट ठेवता येतं, बाकीच्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

रिपोर्ट सांगितलेल्या तारखेपेक्षा बराच उशिरा आला, फोन करून करून मागे लागावं लागलं. आला तो मात्र नीट होता. पहिल्याच पानावर निकाल : आजाराला थेट कारण ठरणारा बदल आढळला नाही. त्याखाली एलआरआरके२ मध्ये एक बदल सापडल्याचं लिहिलेलं, ज्याचा अर्थ आज सांगता येत नाही. ह्याला व्हीयूएस म्हणतात, म्हणजे बदल आहे पण तो चांगला का वाईट का नुसताच आहे हे ठरवायला पुरेशी माहिती जगात अजून जमलेली नाही. आपल्या लोकांच्या रिपोर्टमध्ये हे जास्त येतं कारण मोठमोठे डेटाबेस बहुतेक युरोपियन वंशाच्या लोकांचे. एलआरआरके२ चा जो सगळ्यात गाजलेला जी२०१९एस बदल आहे तो अश्केनाझी ज्यू आणि उत्तर आफ्रिकेतल्या लोकांत बराच सापडतो, भारतात फारच क्वचित, आणि गंमत अशी की तो ज्यांच्यात असतो त्यांतल्याही कितीतरी लोकांना म्हातारे होईपर्यंत पार्किन्सन होतच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता खटकलं ते. रक्त देताना जो फॉर्म भरून घेतला त्यात वय, उंची, वजन, तंबाखू, दारू, डोक्याला मार, बीपी, शुगर, घराण्याची माहिती, सगळं होतं. व्यवसाय असा एक रकाना होता, त्यात मी 'शेती' लिहिलं आणि विषय संपला. कुठली शेती, फवारणी स्वतः करता का, किती वर्षं, काय मारता, तणनाशक कुठलं, प्यायचं पाणी विहिरीचं का नळाचं, एक अक्षर नाही. रिपोर्टच्या शेवटी 'पर्यावरणीय घटकही कारणीभूत असू शकतात' असं एक वाक्य होतं, बारीक अक्षरात, बस.

आबांनी वयाच्या विशीपासून औषधं मारलीत. आधी पाठीवरचा पंप, मग एचटीपी, मग ट्रॅक्टरचा ब्लोअर. पावसाळी हवा आली की डावणी, करपा, भुरी, फळछाटणीनंतर तर दिवसाआड फवारणी, कधीकधी रोज. एम-४५ म्हणजे मॅन्कोझेबची पिवळी पावडर बादलीत हातानं कालवायची, उघड्या हातानं, कोपरापर्यंत पिवळी. बांधावरचं गवत जाळायला पॅराक्वाट. नोझल तुंबला की तोंडानं फुंकायचा. द्राक्षपट्ट्यातल्या लोकांना ह्यातलं काहीच नवीन वाटणार नाही, माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत असंच चालतं.

आणि नेमकी हीच माहिती जीनच्या रिपोर्टशेजारी ठेवून वाचायची असते. हे मी मनचं बोलत नाही, प्राण्यांवरचं संशोधन गेली कितीतरी वर्षं हेच सांगतंय, ते थोडं बघू.

सुरुवात १९८२ सालची. कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या भागात काही तरुण व्यसनी पोरं अचानक लाकडासारखी ताठ झाली, बोलता येईना, हलता येईना, हुबेहूब म्हाताऱ्या माणसाचा शेवटच्या स्टेजचा पार्किन्सन. डॉ. विल्यम लँगस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छडा लावला की चोरून बनवलेल्या नकली हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं, १९८३ मध्ये ते सायन्स साप्ताहिकात छापून आलं. एमपीटीपी मेंदूत गेलं की एमएओ-बी ह्या एन्झाइममुळं त्याचं एमपीपी प्लस होतं, ते डोपामिन बनवणाऱ्या पेशींच्या (पार्किन्सनमध्ये मरतात त्या ह्याच) दारातून थेट आत शिरतं, कारण त्या पेशींवर डोपामिन परत आत ओढून घेणारा ट्रान्सपोर्टर असतो आणि तो ह्याला डोपामिनच समजतो. आत गेल्यावर मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीच्या वीजघरातला, कॉम्प्लेक्स वन बंद पाडतं, पेशीची वीजच तुटते. आणि पॅराक्वाटचा रेणू ह्या एमपीपी प्लसच्या रेणूसारखाच दिसतो, म्हणून तेव्हाच लोकांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

पुढं एमपीटीपी लॅबमधल्या उंदरांना देऊन बघितलं आणि इथंच जीनचा पहिला धडा मिळाला. सी५७ ब्लॅक सिक्स जातीच्या उंदरांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी पटापट मरतात, आणि स्विस वेबस्टर जातीचे उंदीर तेच औषध बऱ्यापैकी पचवतात. विष तेच, उंदीरही उंदीरच, फरक फक्त वंशाचा. मी बारावीच्या पोरांना एन्व्हायर्नमेंट आणि जेनेटिक्स दोन वेगवेगळ्या चॅप्टरमध्ये शिकवते, पण ह्या एका प्रयोगात दोन्ही चॅप्टर एकत्र येतात.

२००० साली अजून दोन कामं आली. अटलांटाच्या एमोरी विद्यापीठात टिमोथी ग्रीनअमायर ह्यांच्या लॅबनं रॅटना, म्हणजे मोठ्या उंदरांना, रोटेनॉन सतत थोडंथोडं दिलं. रोटेनॉन हे झाडाच्या मुळांपासून निघणारं कीटकनाशक, तळ्यातले मासे मारायलाही वापरायचे, 'नैसर्गिक' म्हणून लोकांना त्याचं काही वाटायचं नाही. रोटेनॉन सगळ्या मेंदूत सारखंच पसरतं, सगळीकडं कॉम्प्लेक्स वन सारखाच दबतो, तरी मेल्या त्या नेमक्या डोपामिनच्या पेशी, आणि त्यांच्यात अल्फा-सिन्यूक्लीन ह्या प्रोटीनचे (एसएनसीए जीनवरून बनतं तेच) गोळे दिसले, माणसाच्या पार्किन्सनमध्ये लेवी बॉडीज दिसतात तसे. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसरा आकडा : लुईस जातीच्या २५ रॅटपैकी १२ जणांच्याच मेंदूत हा बिघाड दिसला. एकाच जातीचे, एकाच लॅबमधले, एकाच पद्धतीनं विष दिलेले, तरी निम्मे निभावले. आमच्या गावातही एकाच बागेत बरोबरीनं फवारणारे दोघं भाऊ असतात, एकाला होतं एकाला होत नाही, आणि मग लोक म्हणतात बघ, औषधाचा काही संबंध नाही. संबंध नाही असं त्यावरून ठरत नाही हो.

त्याच वर्षी अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठाच्या लॅबमध्ये डेबोरा कोरी-स्लेक्टा ह्यांच्या गटानं उंदरांना पॅराक्वाट आणि मॅनेब आठवड्यातून दोनदा असं सहा आठवडे दिलं. वेगवेगळं दिलं तर परिणाम थोडा, दोन्ही मिळून दिलं तर जास्त. मॅनेब हे मॅन्कोझेबच्याच कुळातलं बुरशीनाशक, दोन्हीत मँगनीज, मॅन्कोझेबमध्ये जस्त जादा. मॅनेबचे निष्कर्ष जसेच्या तसे मॅन्कोझेबला लावणं बरोबर नाही, रसायन वेगळं ते वेगळंच. पण तणनाशक आणि बुरशीनाशक एकाच शेतात एकाच माणसाच्या अंगावर जातात, आणि आपली सुरक्षेची मोजमापं एकेका रसायनाची वेगवेगळी काढलेली असतात, ही गोष्ट ह्या प्रयोगामुळं डोक्यातून जात नाही. ह्याच गटानं नंतर उंदरांच्या पिल्लांना सुरुवातीच्या दिवसांत हे मिश्रण दिलं आणि मोठेपणी पुन्हा दिलं, तर लहानपणी न मिळालेल्यांपेक्षा त्यांच्या पेशी जास्त मेल्या. आमच्याकडं फवारणी चालू असताना पोरं बागेतच खेळतात, मीही खेळले.

आता जीन आणि विष मुद्दाम एकत्र आणलेले प्रयोग. डीजे-१ घ्या. २००५ मध्ये नॅन्सी बोनिनी ह्यांच्या लॅबनं फळमाशीतून डीजे-१ ची जीन काढून टाकली. माश्या नेहमीसारख्या जन्मल्या, जगल्या, वरून बघून काही कळणार नाही. पण त्यांच्या खाण्यात पॅराक्वाट किंवा रोटेनॉन घातलं की साध्या माश्यांपेक्षा कितीतरी लवकर मेल्या. त्याच वर्षी डीजे-१ नसलेल्या उंदरांवर एमपीटीपी वापरून बघितलं, तिथंही तेच, जास्त पेशी मेल्या. मघाशी जी२०१९एस चं वाक्य लक्षात ठेवायला सांगितलं ते ह्यासाठी : नुसती जीन बिघडली म्हणून आजार होतोच असं नाही, आणि इथं तर विष आलं तेव्हाच त्या जीनची किंमत कळली.

पार्किन तर अजून नीट बघायला हवी. पार्किन काढून टाकलेले उंदीर बनवले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता उंदरात पार्किन्सन मिळाला, पण त्या उंदरांच्या डोपामिनच्या पेशी शाबूतच राहिल्या. एमपीटीपी दिलं तरी साध्या उंदरांपेक्षा जास्त मेल्या नाहीत. मग २००८ मध्ये एका गटानं त्यांना एलपीएस, म्हणजे बॅक्टेरियाच्या कवचातला एक घटक, कमी प्रमाणात बरेच महिने दिला, शरीरात सतत बारीक सूज राहील असा, आणि तेव्हा पेशी मरायला लागल्या. म्हणजे प्रत्येक जीनला प्रत्येक विष लागू पडतं असं नाही, कुठल्या जीनला काय भोवतं ते जोडीजोडीनंच तपासावं लागतं.

आणि सगळं एकाच दिशेनं जातं असंही नाही. अल्फा-सिन्यूक्लीन अजिबात नसलेले उंदीर एमपीटीपीला दाद देत नाहीत, हे २००२ मध्ये दिसलं, म्हणजे त्या विषाला काम करायला हे प्रोटीन लागतं म्हणायचं. मग माणसाचं अल्फा-सिन्यूक्लीन जास्त बनवणारे उंदीर घेतले तर ते पॅराक्वाटनं जास्त मरायला हवेत ना? एका लॅबमध्ये उलटंच झालं, जास्तीच्या प्रोटीननं पेशी वाचल्या. दुसऱ्या लॅबमध्ये दोन बदल असलेलं माणसाचं प्रोटीन घातलेल्या उंदरांना पॅराक्वाट-मॅनेब दिलं तर पेशी जास्त गेल्या. काही लॅबना तर साध्या उंदरांत पॅराक्वाटनं पेशी मेलेल्या दिसल्याच नाहीत. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण फवारणीची औषधं बनवणाऱ्या कंपन्यांची माणसं पुढं येऊन हेच दाखवतात आणि आपण गांगरतो. उंदीर दोनेक वर्षं जगतो, त्याला विष पोटात टोचून देतात, आपण तीस-चाळीस वर्षं श्वासातून आणि कातडीतून घेतो, एका प्रयोगावर कुणीच शेवटचा शब्द ठरवू नये. पण माशी, उंदीर, रॅट, वेगवेगळी विषं, वेगवेगळ्या जीन्स, आणि तरी फिरून फिरून मायटोकॉन्ड्रिया, ऑक्सिजनचे घातक कण आणि अल्फा-सिन्यूक्लीन ह्याच तीन ठिकाणी येऊन पोचतो आपण, हे योगायोगानं होत नाही.

ज्या प्रयोगानं मला रिपोर्ट परत उघडून बघायला लावला तो २०१८ चा. ग्रीनअमायर आता पिट्सबर्गला होते. त्यांच्या लॅबनं ज्यांच्यात एलआरआरके२ चा बदल नव्हता अशा साध्या पार्किन्सनच्या पेशंटांचे मृत्यूनंतरचे मेंदू तपासले, तर डोपामिनच्या पेशींत एलआरआरके२ चं प्रोटीन जास्त जोरात काम करताना सापडलं. आणि रोटेनॉन दिलेल्या रॅटमध्येही तेच, जीन एकदम धडधाकट, पण विषानं तिचं प्रोटीन चेकाळलं. म्हणजे रिपोर्टमध्ये 'एलआरआरके२ नॉर्मल' असं आलं तरी शेतातलं रसायन त्याच प्रोटीनपर्यंत पोचू शकतं. मग नुसता निगेटिव्ह हा शब्द वाचून माणसानं काय समजायचं?

माणसांतलंही थोडं सांगते, नाहीतर म्हणाल उंदरांचं आम्हाला काय. अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या शेतकरी-फवारणीवाल्यांचा मोठा अभ्यास आहे, त्यातून कॅरोलाइन टॅनर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की पॅराक्वाट किंवा रोटेनॉन वापरणाऱ्यांत पार्किन्सन साधारण अडीच पट. पुढच्याच वर्षी सॅम्युअल गोल्डमन ह्यांनी त्याच लोकांची जीएसटीटी१ ही जीन बघितली. ही जीन विषारी पदार्थ शरीरातून बाहेर काढायला मदत करते, आणि बऱ्याच चांगल्या-धट्ट्या माणसांत ती जन्मतः नसतेच, त्यानं एरवी काही अडत नाही. जीन असलेल्या आणि पॅराक्वाट वापरलेल्या पुरुषांत धोका दीड पट, जीन नसलेल्या आणि पॅराक्वाट वापरलेल्या पुरुषांत ११ पट. अभ्यास लहान आहे, ११ हा आकडा पुढंमागं होईल, पण दीड आणि अकरा ह्यातलं अंतर बघा. आणि जीएसटीटी१ आबांच्या टेस्टमधल्या जीन्सच्या यादीत नव्हतीच. असायला हवी होती असं मी म्हणत नाही, कारण ती नसणं हा आजार नाही, पण निगेटिव्ह रिपोर्टच्या बाहेर किती काय उरतं ते ह्यावरून कळावं. कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत तर बीएट रिट्झ ह्यांच्या गटानं फवारणाऱ्यांचा नाही, शेताजवळ राहणाऱ्यांचा अभ्यास केला. घरापासून ५०० मीटरच्या आत पॅराक्वाट आणि मॅनेब दोन्ही मारलं जात होतं अशा लोकांत धोका ७५ टक्क्यांनी जास्त निघाला. आमचं घर बागेतच आहे.

आता ह्या सगळ्याचा रिव्ह्यूशी काय संबंध, तर हा. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी दादानं विचारलं, "आपल्यात काय नाही म्हणायचं?" मी म्हटलं ह्या टेस्टमध्ये काही सापडलं नाही. तो म्हणाला, "मग झालं तर. पोरांचं टेन्शन गेलं," आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीसारखा उघड्या हातानं बादलीत पावडर कालवायला बसला. दादाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. पाच आकडी पैसे घालून आलेल्या कागदावर ठळक अक्षरात निगेटिव्ह लिहिलंय, शेतकरी माणूस त्याचा अर्थ 'आपण सुटलो' असाच घेणार. त्याच पानावर चार ओळी जरी असत्या की तुमचा फवारणीशी संबंध आहे, तर हा निकाल त्या धोक्याबद्दल काहीही सांगत नाही, हातमोजे वापरा, तरी त्यानं त्या ओळी वाचल्या असत्या. लॅबचं त्यात काय जाणार होतं?

हातमोज्यांचं मी उगाच म्हणत नाही. त्याच आयोवा-नॉर्थ कॅरोलिनाच्या अभ्यासातून २०१५ मध्ये आलं की पॅराक्वाट आणि पार्किन्सनचा संबंध हातमोजे न वापरणाऱ्यांत दिसतो, वापरणाऱ्यांत दिसत नाही. नायट्राइलचे लांब बाह्यांचे मोजे कृषी सेवा केंद्रात मिळतात, आमच्याकडं दुकानदार ते मागच्या फळीवर ठेवतो कारण कुणी मागतच नाही. मी दादाला ही दीड आणि अकराची गोष्ट सांगितली, माशीची सांगितली, तो ऐकून घेतो, आता मोजे घालतो, घाम येतो म्हणून कुरकुरतो पण घालतो. गवतासाठी पॅराक्वाट बंद केलंय, ग्रास कटर घेतला. केरळनं २०११ मध्ये पॅराक्वाट बंद केलं, युरोपात २००७ पासून नाही, तिथली शेती काही बुडाली नाही. मॅन्कोझेब मात्र पावसाळी हवेत सोडणं त्याला जमत नाही आणि बाग हातची जाऊ दे असं मी त्याला सांगू शकत नाही, निदान कालवायचं काठीनं, तोंडाला मास्क, आणि पोरं घरात.

लॅबला मी सविस्तर मेल लिहिला. कौन्सेलर मॅडमचा फोन आला, त्यांना पटलं, म्हणाल्या फॉर्म बदलणं माझ्या हातात नाही पण मी इथून पुढं स्वतः विचारत जाईन. त्यांच्याबद्दल म्हणूनच मला आदर आहे. तोवर मी स्वतःच एका कागदावर आबांचा हिशोब मांडला : कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत कुठलं औषध, कुठला पंप, वर्षाला साधारण किती फवारण्या, मोजे होते का, विहीर बागेपासून किती लांब. आबांना नावं आठवत नव्हती पण बाटलीचा रंग, झाकण, वास, कुठल्या दुकानातून उधारीवर आणलं ते सगळं आठवत होतं, त्यावरून दुकानदारानं नावं काढून दिली. हा कागद न्यूरोलॉजिस्टनी फाइलला लावून घेतला. तुम्हीही करा, ह्याला पैसे पडत नाहीत.

टेस्ट कुणी करावी : वय कमी असताना आजार सुरू झालेला असेल, घराण्यात अजून कुणाला असेल, आई-वडील नात्यातले असतील, तर जरूर विचार करा, पण आधी आपल्या न्यूरोलॉजिस्टला विचारून. सत्तरीत सुरू झालेला, घराण्यात कुणालाच नाही, अशांना बहुधा हाती काही लागणार नाही. नुसती धाकधूक वाटते म्हणून निरोगी पोरांची टेस्ट करायला जाऊ नका, कौन्सेलर मॅडमनीही हेच सांगितलं.

बुकिंग करताना दोन गोष्टी विचाराच. पार्किनमध्ये बऱ्याचदा एखादं अक्षर बदललेलं नसतं, जीनचा आख्खा तुकडाच गायब असतो किंवा दुप्पट झालेला असतो, आणि नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जीनची अक्षरं वाचण्यात, तो सुटू शकतो, म्हणून एमएलपीए किंवा तत्सम तपासणी पॅकेजमध्ये आहे का विचारा. आमच्याकडं ती वेगळी घ्यावी लागली, वेगळे पैसे, आणि हे आधी सांगितलं नव्हतं. जीबीएचीही तीच गत, तिच्या शेजारीच तिच्यासारखी दिसणारी एक बिनकामाची जीन आहे, त्यामुळं वाचताना गल्लत होते, ती कशी टाळतात ते विचारा. नीट उत्तर देणारी लॅब असेल तर पुढं जा. रिपोर्टनंतरचं कौन्सेलिंग पैशात धरलंय का तेही बघा, आम्हाला ते मिळालं आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. बाकी रोजच्या जगण्यासाठी, व्यायाम, बोलणं, चालताना पाय अडकतो तेव्हा काय करायचं, ह्यासाठी पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाकडं जा, तिथं पेशंटला शुभार्थी म्हणतात, सांभाळणाऱ्याला शुभंकर, आबा तिथल्या लोकांशी बोलल्यापासून घराबाहेर पडायला लागले.

राहिला तो एलआरआरके२ मधला अर्थ न लागलेला बदल. लॅब म्हणते नवीन माहिती आली की फेरतपासणी करून देऊ, पण आपणहून मागावी लागते, ते कळवत नाहीत. कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय, मागितल्यावर काय उत्तर येतं ते इथंच अपडेट करीन.